ट्रक अकस्मात बंद पडत नाही

वाशिम जिल्ह्यातील शेलूबाजारची ओळख आजवर दोनच गोष्टींपुरती होती: मंगरुळपीर बाजार समितीच्या दरपत्रकात येणारे सोयाबीन-तुरीचे भाव, आणि नागपूर-औरंगाबाद या जुन्या रस्त्यावरील चौफुली. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला आणि 5 जून 2025 रोजी तो 701 किलोमीटरचा मार्ग मुंबईच्या दारापर्यंत पूर्ण झाला, तेव्हा हे गाव त्या महामार्गावर चढण्या-उतरण्याचे एक ठाणे होऊन बसले. रस्त्याविषयी, टोलविषयी, वेगाविषयी आणि अपघातांविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु ज्याच्या पाठीवर विदर्भाचा माल या रस्त्याने जातो, त्या डिझेल ट्रकाच्या प्रकृतीचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. तो बंद पडला की चालकाचा हलगर्जीपणा, मिस्त्रीचे अज्ञान किंवा मालकाचे नशीब यांपैकी एकाच्या माथी दोष मारून बाकीचे सर्व पक्ष मोकळे होतात. माझे म्हणणे एवढेच की, ट्रक अकस्मात बंद पडत नाही. बिघाडाची वर्दी त्याने पुष्कळ आधी दिलेली असते, आणि ती ऐकून गाडी थांबवण्याची मुभा ज्याला असायला हवी, त्याला ती आपल्या व्यवहाराने ठेवलेली नसते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्श्याइतकी दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि त्या तप्त हवेत नोझलमधून तुषाररूपाने सुटलेले डिझेल आपोआप पेट घेते. हवा, इंधन आणि दाब ही तीन खाती चोख असली की इंजिन कुरकुरत नाही. एकात कसूर झाली की ते धुराच्या रंगातून आपली कैफियत मांडू लागते. हवा कमी आणि डिझेल जास्त झाले, म्हणजे एअर फिल्टर धुळीने तुंबला किंवा नोझल ठिबकू लागला, की धूर काळा येतो. पिस्टनच्या रिंगा अथवा टर्बोची सीले झिजून ऑइल जळू लागले की निळसर येतो. आणि तापलेले इंजिनही पांढरा धूर सोडीत राहिले तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा शीतनाचे पाणी सिलिंडरात उतरते आहे, असे समजावे. जाणता चालक हे आरशातून पाहूनच ओळखतो. आणि ओळखूनही पुढच्या मुक्कामापर्यंत गाडी तशीच हाकतो.

सर्वांत मामुली आणि सर्वांत वारंवार ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘गाडीने एअर घेतली’. अशा वेळी मिस्त्री फिल्टरच्या माथ्यावरचा स्क्रू दोन आटे सैल करतो आणि हातपंप मारू लागतो. प्रथम नुसता फेस येतो, मग बुडबुडे मिसळलेले डिझेल फसफसत येते, आणि शेवटी एकही बुडबुडा नसलेली सलग धार आली की तो स्क्रू आवळून ‘मार सेल्फ’ म्हणून चालकाला हाक देतो. पाऊण तासात गाडी मार्गी लागते, आणि एअर आली कोठून हा प्रश्न तेथेच राहतो. ती आलेली असते टाकी तळाला जाईपर्यंत गाडी चालवल्यामुळे, खराब रस्त्याने सैल झालेल्या पाइपाच्या नटातून, किंवा दहादा वापरलेल्या तांब्याच्या वॉशरातून. पाण्याची कथाही अशीच. अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या हवेतील बाष्प थंडीने द्रवून डिझेलाखाली साचते. ते फिल्टरच्या तळाच्या तोटीने वेळच्या वेळी काढून टाकले नाही तर पुढे पंप आणि नोझल गंजतात. जुना पंप हा अन्याय काही काळ सोशीत असे. आजच्या कॉमन रेल पद्धतीत डिझेल वातावरणाच्या दीड-दोन हजार पट दाबाने सोडले जाते; तेथे डोळ्याला न दिसणारा कचराही एका इंजेक्टरची किंमत वसूल करतो.

दुसरे मोठे प्रकरण उष्णतेचे. विदर्भाचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि रेडिएटरात कूलंटऐवजी मिळेल त्या बोअरचे खारे पाणी ओतण्याचा शिरस्ता अजून मोडलेला नाही. त्या पाण्यातील क्षार नळ्यांत आणि लायनरभोवती थर धरतात, उष्णता बाहेर पडेनाशी होते, आणि इंजिन ‘हीट’ होऊ लागते. यावर इलाज म्हणून कित्येकदा थर्मोस्टॅटच काढून टाकला जातो. काटा खाली येतो, चालक समाधान पावतो, पण थंड राहिलेल्या इंजिनात डिझेल पुरते जळत नाही आणि ऑइल लवकर खराब होते. अखेरीस कधीतरी हेड गॅस्केट जाते, पट्टी ओढून पाहिली तर ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते, आणि इंजिन पुरते खोलून बांधण्याची वेळ येते. टर्बोचेही तेच: मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेणारा त्याचा दांडा ऑइलाच्या पातळ पदरावर फिरत असतो; चढ चढून आलेली गाडी ढाब्यावर लावताच बंद केली तर तो पदर तुटतो आणि उरलेले ऑइल जळून बेअरिंगला चिकटते. दोन-तीन मिनिटे इंजिन सावकाश चालू ठेवावे एवढाच त्याचा प्रतिबंध. पण ज्याच्या मागे फोनवरचा तगादा आहे त्याला ती मिनिटेही उधळपट्टी वाटतात.

रस्ता बदलल्याने दुखण्याची जात बदलली, हेही ध्यानात घेतले पाहिजे. खाचखळग्यांचा जुना रस्ता पाटे मोडीत असे, क्रॉस आणि सेंटर बेअरिंग झिजवीत असे. परंतु गावे, गतिरोधक आणि फाटके यांच्या निमित्ताने तो इंजिनाला आणि टायरांना श्वास घेऊ देत असे. नवा रस्ता ती सवड देत नाही. तासन् तास एकाच वेगाने, तापलेल्या काँक्रीटवरून धावताना अर्धवट तुंबलेला रेडिएटर, कमी हवेचा टायर आणि झिजलेले लायनिंग यांची परीक्षा होते, जी पूर्वी कधी पुरती झालीच नव्हती. साठच्या वेगाने जाणारा ट्रक ऐंशीने जाऊ लागला की त्याला थांबवताना ब्रेकच्या ड्रमांना पावणेदोन पट ऊर्जा पचवावी लागते. वजन वाढवले तर त्या प्रमाणात ती आणखी वाढते. आणि अशा मार्गावर उभा ट्रक म्हणजे काय, हे 15 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्री वैजापूरजवळ दिसले: थांबवलेल्या ट्रकवर मागून प्रवासी वाहन आदळून 12 जण दगावले. तो ट्रक बिघाडाने थांबला नव्हता. परंतु बिघाडाने थांबलेला ट्रक मागून येणाऱ्याला त्याहून कमी घातक ठरण्याचे काही कारण नाही.

आता मूळ कारणाकडे वळू. क्लच जळतो, क्राऊनचे दाते उडतात, पाटे तुटतात, ड्रम तापून ब्रेक लागेनासे होतात, या सर्वांच्या मुळाशी बहुधा दोनच गोष्टी सापडतात: वजन आणि मुदत. 2018 साली तीन आसांच्या ट्रकाची वजनमर्यादा 25 टनांवरून 28.5 टनांवर नेण्यात आली; तरी जादा माल भरण्याची सवय गेली नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे जादा वजनाला 20,000 रुपये आणि वर दर टनाला 2,000 रुपये दंड आहे, आणि तो केवळ चालवणाऱ्याला नव्हे तर तशी गाडी चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही लागू आहे. परंतु ‘लावणारा’ रस्त्यावर सापडत नाही, चालक सापडतो. चालकाच्या कामाचे दिवसाला आठ तास 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ठरवून दिले, ते पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना. एका गाडीचा मालक आणि त्याचा एकुलता चालक त्या जाबत्याबाहेरच राहिले.

मालक लोभी आहे म्हणून हे घडते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हप्ता, विमा, डिझेल, टोल आणि टायर ज्यातून भागवायचे ते भाडे दलाल ठरवतो, आणि गाडी एक दिवस उभी राहिली तर हप्ता उभा राहत नाही. मिस्त्रीलाही नुसते दूषण देऊन चालणार नाही. कान आणि हात यांच्या बळावर त्याने एका संपूर्ण पिढीचे ट्रक चालते ठेवले. पण 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांत सेन्सर आहेत, काजळी अडवून जाळणारी गाळणी आहे, युरियाचे द्रावण लागते, आणि ते द्रावण निकृष्ट निघाले तर गाडी स्वतःच आपली ताकद आखडून घेते. ही भाषा स्कॅनरशिवाय वाचता येत नाही, आणि स्कॅनर नसला की वायर तोडून दिवा विझवणे हाच इलाज उरतो.

तेव्हा तजवीज दोन ठिकाणी व्हावी. एक शेलूबाजारसारख्या इंटरचेंजच्या परिसरात: सुरक्षित थांबा, क्रेन, शुद्ध कूलंट आणि यंत्रसामग्रीसह दुरुस्तीची जागा, आणि ती चालवण्यास याच तालुक्यातील तरुण. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्वीपासून आहे. त्याला नव्या गाड्यांच्या यंत्रणेची जोड द्यावी आणि जुन्या मिस्त्रींसाठी अल्प मुदतीचे वर्ग काढून त्यांच्या अनुभवाला दाखल्याची मान्यता द्यावी. दुसरी तजवीज कागदावर: प्रत्येक बिल्टीवर भरलेले वजन आणि मागितलेली पोहोचण्याची वेळ माल पाठवणाऱ्याच्या सहीनिशी नोंदली जावी, आणि वाटेत गाडी मोडली किंवा अपघात झाला तर चौकशीची सुरुवात त्या कागदापासून व्हावी. फिटनेसची तपासणी पहिली आठ वर्षे दोन वर्षांनी आणि नंतर दरसाल होते. पण त्या तपासणीत गाडीची अवस्था दिसते, ती अवस्था कोणी केली हे दिसत नाही. ज्याने वजन आणि वेळ ठरवली त्याचे नाव दुरुस्तीच्या खर्चात येऊ लागले, तर निम्मे बिघाड मिस्त्रीपर्यंत पोहोचण्याआधीच थांबतील, आणि त्यासाठी एकही नवे यंत्र शोधावे लागणार नाही.