आधी सुई, मग यंत्र



गेल्या वर्षभरात नात्यातल्या आणि ब्लॉगवरच्या मिळून चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "काका, घरात आजोबांच्या रेकॉर्डी निघाल्या आहेत, त्या ऐकायला प्लेअर कोणता घ्यावा?" प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवावं म्हटलं. मी काही इंजिनिअर नव्हे. आयुष्यभर मुलांना मराठी शिकवलं. पण रेकॉर्डी ऐकतोय त्याला पन्नासेक वर्षं झाली, आणि वडिलांच्या ७८ च्या तबकड्या अजून घरात वाजतात. तेवढ्या अधिकाराने लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लोक यंत्र निवडतात आणि त्याला जी सुई लागून येईल ती गोड मानून घेतात. हे उलटं करायला हवं. आधी कपाट उघडून रेकॉर्डी बघाव्यात, त्यावरून सुई ठरवावी आणि मग त्या सुईला सांभाळून घेईल असं यंत्र शोधावं. कारण यंत्र बिघडलं तर दुसरं मिळतं. चुकीच्या सुईने खरवडलेली तबकडी पुन्हा मिळत नाही.

कपाटात बहुधा दोन जाती सापडतील. जड, हातातून पडली की काचेसारखी फुटणारी ती ७८ ची. ती लाखेची असते, म्हणजे पळस-बोरीवरच्या किड्यांची लाख, त्यात दगडाची बारीक भुकटी. दुसरी व्हिनाइलची एलपी, १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने आणली ती, मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणारी. आपल्याकडे दोन्ही जाती बरीच वर्षं शेजारी शेजारी नांदल्या. १९६० च्या दशकातसुद्धा भारतात ७८ च्या तबकड्या निघत होत्या. बीटल्सची गाणीसुद्धा इथे ७८ वर निघाली आणि आज परदेशातले शौकीन त्या शोधत हिंडतात!

या दोन जातींची चर (म्हणजे ज्यातून सुई धावते ती नाळी) सारखी नसते. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन असते, ७८ ची ६५ ते ७५ मायक्रॉन. जवळजवळ चौपट. एलपीची सुई ७८ वर ठेवली की ती चरीच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथला सगळा कचरा इमानेइतबारे ऐकवते. मग आपण म्हणतो, "जुनी रेकॉर्ड, खरखर असणारच." अहो, खरखरीतला बराच भाग सुईचा असतो. जुन्या प्लेअरमध्ये सुई फिरवायची एक छोटी दांडी असे, एका बाजूला ७८, दुसऱ्या बाजूला एलपी. तेव्हाच्या साध्या माणसाला जे ठाऊक होतं ते आज विसरलं गेलंय.

चावीच्या ग्रामोफोनची गोष्ट आणखी वेगळी. त्याची पोलादी सुई एक बाजू वाजवली की बदलायची असे. लाखेतली दगडाची भुकटी त्या सुईला घासून चरीच्या मापाची करी, म्हणजे सुई झिजावी हीच मूळ योजना. घरोघरी सुया वाचवायच्या म्हणून एकच सुई आठ-दहा वेळा वापरली आणि मग झिजायची पाळी तबकडीवर आली. बाजारात जुन्यात मिळणाऱ्या पुष्कळ रेकॉर्डी लग्नाच्या मांडवात भोंग्यावर वाजून आलेल्या असतात. बोथट सुईने करायचं ते तिथेच करून ठेवलेलं असतं. विकत घेताना तबकडी उजेडात तिरपी धरून बघा. चरी पांढुरक्या दिसल्या तर हात जोडा.

आता हल्ली सुटकेससारखे दिसणारे, रंगीत, स्वस्त प्लेअर मिळतात त्याविषयी. दिसायला गोंडस असतात, भेट म्हणून दिलेही जातात. पण त्यांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं आणि ते तबकडीवर पाच ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त भार टाकतं. चांगल्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला दीड-दोन ग्रॅम पुरतात. शिवाय भार कमी-जास्त करायची सोय त्यात नसते. एलपीची एक बाजू म्हणजे सुईने चालायचा साधारण साडेचारशे मीटरचा रस्ता. (बावीस मिनिटं, मिनिटाला ३३ फेरे, सरासरी फेरा ६३ सेंटिमीटरचा. गणिताच्या मास्तरांनी तपासून पाहावं!) एवढ्या वाटेवर दुपटीहून जास्त ओझं फरफटत नेल्यावर काय होणार ते शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. हा प्लेअर घेऊ नका, कोणी दिला तर त्यावर आजोबांची रेकॉर्ड लावू नका.

मग घ्यावं काय? मूव्हिंग मॅग्नेट जातीचं, सुई वेगळी काढता-घालता येईल असं कार्ट्रिज. ऑडिओ टेक्निकाच्या व्हीएम ९५ मालिकेत एकाच अंगाला वेगवेगळ्या सुया बसतात आणि त्यात ७८ साठीचीही सुई आहे. ऑर्टोफोनच्या टूएम मालिकेतही ७८ साठी वेगळं कार्ट्रिज मिळतं. सुई बदलली की भारही तिच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे बदलायचा, हे विसरू नका. मूव्हिंग कॉइल नावाचा महागडा प्रकार आहे, त्याच्या वाटेला आपण जाऊ नये. त्याची सुई झिजली की बहुतेक वेळा अख्खं कार्ट्रिजच पाठवावं लागतं, आणि आपल्या मेहकर-चिखलीहून ते पाठवणार कुठे? हिऱ्याची सुईसुद्धा अमर नसते, पाचशे ते हजार तासांत बदलावी लागते. म्हणून जिची सुई सहज मिळते तेच कार्ट्रिज चांगलं.

यंत्र निवडताना मी तीन गोष्टी बघेन. ७८ चा वेग आहे का, भार मोजून लावता येतो का आणि वेग थोडा कमी-जास्त करता येतो का. तिसरी गोष्ट चैनीची वाटेल, पण नाही. सुरुवातीच्या काळातल्या '७८' च्या तबकड्या नेमक्या ७८ वर मुद्रित झालेल्या नसत, कोणी कमी, कोणी जास्त. वेग चुकला की गाणाऱ्याची पट्टीच बदलते. टेक्निक्सचा एसएल १२०० (१९७२ साली आलेला, मध्यंतरी बंद पडून २०१६ पासून पुन्हा निघणारा) वेग बदलण्यासाठीच गाजला. ऑडिओ टेक्निकाच्या एलपी १२० मध्ये कमी पैशात ही सोय आहे, ७८ चा वेगही आहे. घरी पेटी असेल तर स्वर लावून बघा, आवाज कुठे नैसर्गिक वाटतो ते कान सांगतो.

अमेरिकेतल्या आमच्या मंडळींना खास सूचना. तिथला जुना प्लेअर प्रेमाने पाठवू नका! तिथली वीज ११० ते १२० व्होल्टची, हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्यासाठी ट्रान्सफॉर्मर मिळतो. पण तिथे सेकंदाला ६० आवर्तनं, इथे ५०. पुष्कळ जुन्या प्लेअरची मोटर त्या आवर्तनांवर चालते आणि ट्रान्सफॉर्मर आवर्तनं बदलत नाही. ३३ फेऱ्यांचे २८ होतात आणि काळी चारचा गवय्या पांढरी चारवर येऊन बसतो. पाठवायचीच तर सुई पाठवा. पाकिटात मावते.

बाकी दोन-तीन बारीक गोष्टी. कार्ट्रिजमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट निघतात, त्यामुळे अँप्लिफायरला 'फोनो' असं लिहिलेली जागा हवी किंवा वेगळा फोनो प्रीअँप हवा. नुसतं 'ऑक्स'ला जोडलं तर आवाज दूर विहिरीतून आल्यासारखा येतो. ७८ ऐकताना मोनोचं बटण दाबा, खरखर कमी होते. ७८ ची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख विरघळते. आणि आमच्याकडे घाटाखाली, खामगाव-मलकापूरकडे मे महिन्यात रेकॉर्डी आडव्या रचून पत्र्याखाली ठेवू नका. उभ्या ठेवा, भिंतीच्या आतल्या बाजूला.

आता खरा प्रश्न. "काका, हे सगळं मोबाइलवर फुकट मिळतं, मग एवढा खटाटोप कशाला?" बरोबर आहे. कपाटात फक्त गाजलेल्या सिनेमांच्या वीस एलपी असतील तर प्लेअर घेऊ नका असंच मी म्हणेन. ती गाणी सीडीवर किंवा मोबाइलवर जास्त स्वच्छ आहेत. 'एलपीचा आवाज गरम असतो' वगैरे मला पटत नाही. पण ७८ च्या तबकड्यांचं तसं नाही. मोबाइलवर अब्दुल करीम खाँसाहेब किंवा हिराबाई आज ऐकू येतात, कारण कोणीतरी ती जुनी तबकडी जपली आणि योग्य सुईने वाजवून उतरवून घेतली. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी, सुरेश चांदवणकरांसारख्यांनी, हेच काम वर्षानुवर्षं केलं. भास्करबुवा बखल्यांची एकही तबकडी नाही. १९२२ मध्ये ते गेले आणि गाणं त्यांच्याबरोबर गेलं, उरल्या त्या आठवणी आणि शिष्य. तुमच्या कपाटात एखादी विसरलेली गायिका, गावच्या एखाद्या कीर्तनकाराची किंवा नाटक कंपनीची तबकडी असेल, तर ती कदाचित दुसरीकडे कुठेच नसेल.

हल्ली तबकड्यांची घड्याळं करतात, हॉटेलच्या भिंतीवर खिळे ठोकून लावतात. ते पाहिलं की पोटात कालवतं. त्यापेक्षा घरात कोणाला हौस नसेल तर एखाद्या संग्राहकाला देऊन टाका. आणि हौस असेल तर यादी करा. लेबलवरचं नाव, गाणं, क्रमांक वहीत लिहून काढा. एका रविवारचं काम आहे. यादी मला पाठवलीत तर कोणती सुई लागेल ते मी कळवीन.