बीपीची गोळी बंद करून बाटली घ्यायची?

हल्ली लग्नात असो की ग्रामसभेला, ओळखीचाच कुणीतरी पिशवीतनं बाटली काढतो. जीवनसत्त्वं, खनिजं, सगळं आत. हार्टचा त्रास होणारच नाही म्हणतो. विकणारा मेव्हणा नाहीतर गुरुजी, नाही कसं म्हणायचं? हजार-दोन हजार जातात ते जातातच, पण काहीजण बीपीची गोळी सोडून बाटली धरतात. खरी काळजी तिथंच आहे.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. माती तपासली, जस्त कमी निघालं, तर झिंक सल्फेट टाकलं की पीक सुधारतं. मुळात पुरेसं असेल तर तो खर्च वाया. शरीराचंही तसंच.

चीनमधल्या केशान भागात १९३५ साली एक रोग ध्यानात आला. हृदयाचा स्नायूच निकामी व्हायचा. मरायच्या त्या जास्त करून बायका आणि लहान पोरं. पुढं कळलं, तिथल्या जमिनीत सेलेनियम फार कमी, म्हणून धान्यातही कमी, आणि माणसं घरचंच धान्य खाणारी. १९७४ पासून सिचुआन प्रांतात मुलांना सेलेनियमच्या गोळ्या दिल्या आणि रोग झपाट्यानं घटला. उणीव होती, ती भरली.

हेच सेलेनियम पुढं अमेरिका-कॅनडाकडच्या खात्यापित्या पुरुषांना देऊन पाहिलं. २००८ साली निकाल आला: हृदयविकारात फरक नाही. त्याच चाचणीत ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर उलट वाढल्याचं २०११ साली दिसलं. अमेरिकेतल्याच १४,६४१ पुरुष डॉक्टरांपैकी निम्म्यांनी दहा वर्षांवर रोज मल्टिव्हिटॅमिन घेतलं. झटके कमी झाले नाहीत. डॉक्टर मंडळींचं हे, मग आपलं काय!

गरोदर बाईला लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळतात त्या वेगळ्या, त्या बंद करू नयेत.

उपयोग झाला तो साध्या मिठातल्या बदलाचा. चीनच्या ६०० खेड्यांत, पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा साठीपुढच्या बीपीवाल्या माणसांवर हा प्रयोग झाला. निम्म्या गावांत मिठातला पाव भाग पोटॅशियम क्लोराइडचा होता. तिथं पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले, असं २०२१ साली जाहीर झालं. मात्र मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी, किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू असणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय या मिठाला हात लावू नये. आणि लोणचं-पापड तसंच चालू ठेवून नुसतं मीठ बदलणाऱ्याला फरक कितीसा पडणार?

तीस वर्षांवरच्यांचं बीपी, साखर उपकेंद्रात फुकट तपासतात. सरपंच, ग्रामसेवकांनी त्याचा वार एकदा फळ्यावर लिहून टाकावा.