किल्ली कोणाच्या हाती?

बंदरातील परदेशी यंत्राचा धोका त्यावरील देशाच्या शिक्क्यावरून ठरविण्याची रीत सध्या रूढ होत आहे. ही रीत सोयीची असली, तरी तिच्यामुळे मूळ प्रश्न नजरेआड होतो.

२१ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी बंदरांच्या संगणकीय सुरक्षिततेसाठी आदेश काढला. तेथील धक्क्यांवर जहाजातून कंटेनर उतरविणाऱ्या क्रेनपैकी सुमारे ८० टक्के क्रेन चिनी बनावटीच्या आहेत आणि त्या दुरूनही हाताळता येतील अशा रचनेच्या आहेत, ही त्यामागील चिंता होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समित्यांनी, काही क्रेनवर करारात नमूद नसलेले मोडेम आढळल्याचा अहवाल दिला. शांघायच्या झेडपीएमसी या सरकारी मालकीच्या कंपनीने संशय फेटाळला, तर अमेरिकी बंदरांच्या संघटनेनेही या क्रेनमधून घुसखोरी झाल्याचा पुरावा नसल्याचे सांगितले.

पुरावा नाही म्हणून धोका नाही, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. जो दुरून यंत्र दुरुस्त करू शकतो, तो दुरून ते बंदही पाडू शकतो. पण धोका केवळ चिनी यंत्रातच असतो काय?

या प्रश्नाचे उत्तर न्हावा-शेवाने २०१७ सालीच दिले आहे. त्या वर्षी २७ जून रोजी नॉटपेट्या नावाचा संगणकीय विषाणू युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीतून फैलावला. मेर्स्क या डॅनिश कंपनीची जगभरची यंत्रणा त्याने लुळी केली आणि तिच्या समूहाकडे असलेल्या न्हावा-शेवातील टर्मिनलचे काम थांबले. क्रेन शाबूत होत्या, कामगार हजर होते. परंतु कोणता कंटेनर कोठे आहे आणि तो कोणाचा, हे सांगणारे संगणक मुके झाले होते. या हल्ल्याचा ठपका अमेरिका व ब्रिटनने रशियन लष्करावर ठेवला. तो फैलावण्यासाठी वापरलेले एक हत्यार मात्र अमेरिकेच्याच राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतून बाहेर फुटलेले होते! महासत्तांच्या छुप्या युद्धाची झळ रायगडच्या किनाऱ्याला अशी बसली. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच बंदराच्या दुसऱ्या टर्मिनलवर संगणकीय हल्ला झाला आणि जहाजे अन्यत्र वळवावी लागली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळातील विळिंजम बंदरात झेडपीएमसीच्या क्रेन घेऊन पहिले जहाज आले, तेव्हा गाजला तो चिनी खलाशांना उतरू देण्याचा प्रश्न. खलाशी परत गेले, क्रेन राहिल्या. खरी चौकशी व्हायला हवी ती त्यांच्या आतल्या आज्ञावलीची, आणि ती दर दुरुस्तीनंतर पुन्हा व्हायला हवी.

ती कोणी करायची? न्हावा-शेवाचे बंदर प्राधिकरण आता केवळ जमीनमालक उरले आहे, टर्मिनल खाजगी कंपन्या चालवितात. यंत्र एकाचे, आज्ञावली दुसऱ्याची, ठेका तिसऱ्याचा, आणि नुकसान मात्र शेतमाल पाठविणाऱ्याचे व गोदी कामगाराचे, अशी ही वाटणी आहे. ती मोडायची तर काही गोष्टी कराराने बंधनकारक कराव्या लागतील. यंत्रातील प्रत्येक जोडणीची माहिती खरेदीपूर्वी सरकारी तज्ज्ञांपुढे ठेवली जावी. बाहेरून होणारी जोडणी बंदराच्या परवानगीनेच उघडावी आणि तिची नोंद राहावी. दुरुस्तीचे ज्ञान भारतीय तंत्रज्ञांच्या हाती यावे. आणि संगणक बंद पडल्यास काम कसे चालवायचे, याचा सराव कामगारांसह वेळोवेळी व्हावा.

या अटी चिनी यंत्राला लागू व्हाव्यात, तशाच युरोपीय आणि अमेरिकी यंत्रालाही. दाराला कुलूप कोणत्या देशाचे लावले यापेक्षा त्याची किल्ली कोणाच्या कनवटीला आहे, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे. बंदर हे देशाचे दार आहे. त्याची किल्ली जनतेला जबाबदार असलेल्या हातांतच असली पाहिजे.