शेपूट वाकडं ते वाकडंच?

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरी नवा पाहुणा आला. नवा म्हणजे आमच्यासाठी. वयानं चांगला सात वर्षांचा! नाव मोत्या. लातूरकडच्या एका आजोबांचा हा कारवानी कुत्रा. आजोबा मुलाकडे शहरात राहायला गेले. तिथं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मोत्याला कुठली जागा? म्हणून तो आमच्याकडे.

कारवानी पाहिलाय का तुम्ही? लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड. कर्नाटकातल्या मुधोळ गावावरून त्याला ‘मुधोळ हाउंड’ही म्हणतात. २००५ साली टपाल खात्यानं चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत हाही होता. हा वासापेक्षा नजरेनं शिकार करतो. दूरवर काही पळताना दिसलं, की निघालाच! सशांची शिकार हा आता गुन्हा आहे. वन्यजीवांचं संरक्षण करणारा कायदा १९७२ सालीच झाला. पण मोत्याला कायदा कोण वाचून दाखवणार?

तिसऱ्याच दिवशी घोटाळा झाला. गल्लीतला एक मुलगा गमतीनं म्हणाला, “छू!” झालं! माझ्या हातातली साखळी सुटली आणि मोत्या शेजारच्या करडामागे. काकूंनी करडू झटकन उचललं म्हणून वाचलं. मी “यू यू” करून घसा कोरडा केला. मोत्यानं माझ्याकडे पाहिलं आणि उलट दिशेला धूम ठोकली! तासाभरानं आपणहून आला, तेव्हा मी त्याला एक दणका दिला आणि बांधून टाकलं. इथंच माझं चुकलं.

काकू म्हणाल्या, “अहो, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. परत पाठवा त्याला.” परत? पण कुठे?

मी आजोबांना फोन केला. ते म्हणाले, “शिकार झाली की यू यू करून बोलवायचो नि साखळी घालायचो. नाही आला तर काठी.” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मोत्याच्या लेखी ‘यू यू’ म्हणजे मजा संपली, आता मार! मग तो कशाला येईल? आणि मीही तेच केलं होतं.

म्हणून शब्दच बदलला. नवा शब्द ‘घरी’. आधी घरातच. “घरी” म्हणायचं, तो आला की लगेच उकडलेल्या कलेजीचा एक तुकडा. रोज दोन वेळा, दहा-दहा मिनिटं, बस्स. मग अंगणात, मग मोकळ्या मैदानात. गळ्याला हिसका बसू नये म्हणून छातीच्या पट्ट्याला दहा मीटरची दोरी बांधून. आला की पुन्हा खेळायला सोडायचा, म्हणजे येण्यात तोटा नाही हे त्याला कळतं. आणि बोलावून रागवायचं नाही. कध्धीच नाही!

शेळ्या दाखवल्या त्या खूप लांबून. त्यांच्याकडे पाहून त्यानं मान माझ्याकडे वळवली, की तुकडा. अंतर हळूहळू कमी केलं. मध्ये दोनदा सगळं विसरला. आम्ही पुन्हा घरापासून सुरुवात केली.

चौथ्या महिन्यात एका सकाळी माळावर ससा उठला. मोत्याचे कान ताठ, सगळं अंग थरथरतंय. मी हळूच म्हटलं, “घरी.” एक क्षण गेला. दुसरा गेला. आणि मोत्या वळला!

दोरी तेव्हाही माझ्या हातात होती, आजही असते. कारण पळणाऱ्यामागे धावणं त्याच्या रक्तातच आहे. ते पुसलं जात नाही. शेपूट तसं वाकडंच राहिलं म्हणा ना! पण सात वर्षांचा कुत्रा नवा शब्द शिकला. आणि त्याच्याआधी मी शिकलो.

‘छू’ म्हणणारा तो मुलगा आता रोज संध्याकाळी येतो, माझ्याशेजारी उभा राहून “घरी” म्हणतो आणि तुकडा देतो. तुम्हीही गमतीनं कुणाच्या कुत्र्याला ‘छू’ म्हणू नका हं. तुमची गंमत होते, पण जीव करडाचा जातो आणि घर कुत्र्याचं सुटतं. पटतंय ना?