तंत्रज्ञानाचे प्रवक्तेपण आणि आपली मुले

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला पुढे काय होणार असे विचारले, की उत्तरे बहुधा ठरलेली असतात: डॉक्टर, इंजिनिअर, स्पर्धा परीक्षेतून अधिकारी, नाहीतर शिक्षक. या उत्तरांमागे आपल्या दोन-तीन पिढ्यांचा अनुभव आहे. आरक्षणाने जी दारे उघडली, तिकडे आपली पावले वळली. परंतु गेल्या तीस वर्षांत रोजगाराचा आणि सत्तेचाही मोठा भाग त्या दारांबाहेर गेला. आपली काही मुले संगणक अभियंता होऊन हिंजवडीला, बेंगळुरूला पोहोचली, ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र त्याच इमारतींत आणखी एक काम चालते. नवे यंत्र वा ॲप कोणासाठी आहे, त्याची गोष्ट कोणाच्या तोंडून सांगायची, तक्रार उठली तर कंपनीने काय बोलायचे, हे ठरवण्याचे काम. त्याला तंत्रज्ञानाचे मार्केटिंग आणि जनसंपर्क म्हणतात. आपल्या मुलांनी या व्यवसायात जाणीवपूर्वक शिरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रसिद्धीचे काम आपल्या चळवळीला परके आहे, असा समज दिसतो. इतिहास तसे सांगत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा पैसे देऊ केले असतानाही त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. जाहिरातीची चार इंच जागा विकताना कोणाचे अस्तित्व वाचकांपुढे येऊ द्यायचे हेही ठरते, याचा याहून बोलका पुरावा नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ ही पत्रे चालवली. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा हिशेब मांडणाऱ्या १९४५ च्या इंग्रजी ग्रंथात तर त्यांनी परदेशी वाचकांना उद्देशून एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले. एकाच बाजूच्या प्रचारावर विसंबून जगाने भारताविषयी मत बनवू नये, ही त्यामागची तळमळ होती.

प्रत्यक्ष काम कसे असते? जनसंपर्क संस्थेत नव्याने लागलेला मुलगा सकाळी वर्तमानपत्रे चाळून ग्राहक कंपनीच्या बातम्या टिपतो, पत्रकारांच्या याद्या ठेवतो, फोन करतो, प्रसिद्धीपत्रकाचा मसुदा करतो आणि त्यातले निम्मे साहेबांनी खोडलेले पाहतो. मार्केटिंगकडे गेलेल्याचे काम निराळे. अभियंत्याने यंत्राचे चाळीस गुण लिहून दिलेले असतात. त्यांतले कोणते तीन तालुक्याच्या दवाखान्यातील परिचारिकेच्या उपयोगाचे, हे त्याला तिच्याशी बोलून शोधावे लागते. (यश मोजण्याची पद्धत मात्र बरीच वर्षे बालिश होती. छापून आलेल्या बातमीचे सेंटिमीटर मोजायचे आणि जाहिरातीच्या दराने गुणायचे! २०१० साली बार्सिलोना येथे या क्षेत्रातील लोकांनीच हे मोजमाप अग्राह्य ठरवले. आपल्या संस्थांनीही कात्रणांच्या जाडीवरून कार्यक्रमाचे यश ठरवणे सोडायला हरकत नाही.)

या कामाच्या हाती केवढी सत्ता असते, ते २०१५ च्या अखेरीस दिसले. ‘फ्री बेसिक्स’ ही योजना भारतात रुजवण्यासाठी फेसबुकने पानपानभर जाहिराती दिल्या. मार्क झुकेरबर्ग यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहून महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. तो या सेवेवर हवामान आणि बाजारभाव पाहतो, आता नवी पिके आणि जनावरे यांत पैसा घालतो आहे, अशी ती गोष्ट. नेटकीच होती. मोजकी संकेतस्थळे फुकट, बाकीचे इंटरनेट विकत, आणि त्या मोजक्यांत कोणी यायचे याच्या अटी एका कंपनीच्या हाती, ही बाब तिच्या आड गेली. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘ट्राय’ने असे भेदभावाचे दर निषिद्ध ठरवले. पण त्या शेतकऱ्याचे म्हणणे देशाने वाचले ते झुकेरबर्ग यांच्या शब्दांत, हे माझ्या मनातून जात नाही.

दुसरा प्रसंग नोव्हेंबर २०१८ चा. ट्विटरचे प्रमुख जॅक डॉर्सी दिल्लीत आले असता, एका दलित कार्यकर्तीने दिलेला ब्राह्मणी पितृसत्तेविरोधी फलक हाती घेतलेले त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि गदारोळ उठला. हे आमचे मत नव्हे, असा खुलासा कंपनीने केला. तिच्या विधी विभागाच्या प्रमुखांनी जाहीर माफीही मागितली. ही संज्ञा कोणा जातीच्या माणसांविरुद्ध नसून जात आणि स्त्रीदास्य यांना जोडणाऱ्या व्यवस्थेविषयी आहे, इतिहासाच्या अभ्यासात ती कैक वर्षे रूढ आहे, एवढे सांगायला दोन वाक्ये पुरली असती. ती कंपनीकडून आली नाहीत.

जाहिरात म्हणजे खोटे बोलणे, मग सम्यक वाचेचे काय, असा प्रश्न आपल्यातले ज्येष्ठ उपासक विचारतील. प्रश्न रास्त आहे. असत्य, चहाडी, कठोर शब्द आणि निरर्थक बडबड यांपासून दूर राहणे म्हणजे सम्यक वाचा. त्यांतली चौथी अट या व्यवसायाला सर्वांत जड जाईल. तथागतांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या शस्त्र, सजीव, मांस, मद्य आणि विष या पाच व्यापारांत प्रसिद्धीचे काम नाही. तरीही पैशांच्या जुगाराचे ॲप किंवा गरिबाला कर्जात अडकवणारे ॲप गोड शब्दांत खपवणे हे त्या विषाहून फार वेगळे मला वाटत नाही. तेथे नकार द्यावा लागेल, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी नकार देणे महाग पडते, हेही मुलांना आधीच सांगितले पाहिजे.

अडचणी आहेत. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही. निवड पुष्कळदा ओळखीतून होते. इंग्रजी उच्चार आणि ‘व्यक्तिमत्त्व’ या नावाखाली घराणे तपासले जाते. पण बँकेचा अर्ज आईला तिच्या भाषेत समजावून देणारी आणि तिची अडचण व्यवस्थापकाला त्याच्या भाषेत सांगणारी मुलगी हे काम दहाव्या वर्षापासून करते आहे. तिला हवे आहे ते इंग्रजी लेखनाचे रोजचे वळण, पदवीनंतर पत्रकारिता किंवा जनसंज्ञापनाची पदविका (पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट आहे, अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र आहे) आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेवर भरून घेणारा शिक्षक.

आणि आपल्याला लगेच करता येईल असे एक काम आहे. या स्मरणिकेच्या जाहिराती गोळा करायला आम्ही शिक्षकच दुकानोदुकानी फिरतो. पुढच्या अंकासाठी ते नववीच्या मुला-मुलींकडे सोपवावे. दुकानदारापुढे उभे राहून आपली शाळा दोन मिनिटांत कशी सांगायची, पटसंख्या आणि निकाल जसे आहेत तसेच कसे सांगायचे, नकार मिळाला तर ‘जयभीम’ म्हणून हसत कसे निघायचे, याचा सराव जूनपासून घेता येईल.