धागा : ‘कशावरून?’ हा दुसरा प्रश्न

१/ मे महिन्याच्या आरंभी अमेरिकेतील लाखो शाळकरी मुले ‘एपी यूएस हिस्टरी’ या परीक्षेला बसतात. शाळेत असतानाच महाविद्यालयीन दर्जाचा इतिहास शिकून द्यायची ही परीक्षा. तिच्या आधीच्या आठवड्यांत मुले जोडीजोडीने बसतात. हातात चिठ्ठ्या असतात, एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर. स्टॅम्प ॲक्ट? १७६५. मिसुरी समझोता? १८२०. ड्रेड स्कॉट निकाल? १८५७.

२/ इतिहासप्रेमी मंडळी या प्रकाराला घोकंपट्टी म्हणून नाक मुरडतात. मला ते मान्य नाही. सनावळी तोंडपाठ नसेल तर घटनांचा क्रम लागत नाही, आणि क्रम लागला नाही तर कारणपरंपरेविषयी बोलणे म्हणजे निव्वळ गप्पा. शिवाय परस्परांना प्रश्न विचारण्यात नुसत्या वाचनापेक्षा अधिक लाभ आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा स्वतःला आठवायला लावणारे पुढे गेले.

३/ माझी तक्रार वेगळी आहे. बहुतेक जोड्या पहिल्या प्रश्नावरच थांबतात. उत्तर जुळले की चिठ्ठी बाजूला आणि पुढची हातात. दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही. आपल्या मराठीत त्यासाठी एकच नेमका शब्द आहे : ‘कशावरून?’

४/ उदाहरण घेऊ. ‘अमेरिकेतील गुलामगिरी केव्हा संपली?’ चिठ्ठीवर बहुधा १८६३ असते, कारण १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी मुक्तीची घोषणा केली. आता विचारा, कशावरून? घोषणेचा मजकूर उघडला की दिसते, ती फक्त बंडखोर प्रदेशांना लागू होती. केंटकी आणि डेलावेअर ही गुलामगिरी असलेली राज्ये संघराज्यातच राहिली होती. तेथील गुलामांना त्या कागदाने मुक्त केले नाही. टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे मुक्तीचा हुकूम जाहीर झाला १९ जून १८६५ रोजी. तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली ६ डिसेंबर १८६५ रोजी. म्हणजे चिठ्ठीच्या मागे एक सन, आणि त्याच्या पोटात जवळजवळ तीन वर्षे. ज्या मुलीला हे ठाऊक आहे, तिला १८६३ वेगळे पाठ करावे लागत नाही.

(जाता जाता : जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. तेराव्या दुरुस्तीला तेव्हा आठ वर्षेही झाली नव्हती. हा प्रश्न आपल्याला परका नाही, तो असा.)

५/ दुसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. अमेरिकेचे नागरिकत्व घेताना इतिहासाची तोंडी चाचणी द्यावी लागते. २००८ साली लागू झालेल्या यादीत शंभर प्रश्न होते. अधिकारी त्यांतील दहापर्यंत विचारी आणि सहा बरोबर आले की उत्तीर्ण. तिकडच्या मराठी घरांतही या यादीची उजळणी चाललेली असते. नवरा बायकोला विचारतो, शाळेत जाणारी नात आजीला विचारते.

६/ त्या यादीत एक प्रश्न होता : यादवी युद्धाला कारणीभूत ठरलेली एक समस्या सांगा. मान्य उत्तरे तीन : गुलामगिरी, आर्थिक कारणे, राज्यांचे हक्क. तिन्हींना सारखाच गुण! आजीने ‘राज्यांचे हक्क’ म्हटले तरी काम झाले. पण नातीने ‘कशावरून?’ विचारले तर?

७/ तर साउथ कॅरोलायनाचे २४ डिसेंबर १८६० चे जाहीरनामापत्र काढावे लागेल. संघराज्यातून फुटण्याची कारणे त्या राज्याने त्यात स्वतःच लिहून ठेवली आहेत. मुख्य गाऱ्हाणे असे की उत्तरेकडील राज्ये पळून आलेले गुलाम परत देत नाहीत आणि त्याविषयीचा केंद्रीय कायदा निष्फळ करणारे कायदे करतात. नीट पाहा. उत्तरेकडील राज्ये आपला हक्क बजावत आहेत, हीच दक्षिणेची तक्रार! मिसिसिपीने तर आपल्या जाहीरनाम्याच्या आरंभीच आपली बाजू गुलामगिरीशी एकरूप असल्याचे सांगून टाकले. मग ‘राज्यांचे हक्क’ हे उत्तर गुण मिळवते, आणि त्या राज्यांच्याच कागदापुढे टिकत नाही.

८/ कोणी म्हणेल, परीक्षेत एवढे कोण विचारतो? एपी परीक्षेत विचारतात. ५५ बहुपर्यायी प्रश्न ५५ मिनिटांत सोडवायचे, पण त्यांनाही उतारा, चित्र किंवा नकाशा जोडलेला असतो. पुढे सात कागदपत्रे समोर ठेवून त्यांच्या आधारे निबंध लिहायचा; एकट्या त्या निबंधाला २५ टक्के गुण. हा सारा खटाटोप ‘कशावरून?’चाच आहे.

९/ आणि चिठ्ठीवर काय लिहायचे, हा प्रश्नही निरागस नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये कोलोरॅडोतील जेफरसन काउंटीत शेकडो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. याच एपी अभ्यासक्रमाचा फेरविचार करावा, देशभक्ती व सत्तेविषयीचा आदर यांना उत्तेजन द्यावे आणि कायदेभंगाला देऊ नये, असा प्रस्ताव तेथील शाळामंडळापुढे आला होता. मग १७७३ साली बोस्टनच्या बंदरात बुडवलेला चहा कोणत्या खान्यात घालायचा? पुढल्या वर्षी मतदारांनी मंडळाच्या तीन सदस्यांना परत बोलावले.

१०/ परस्परांना प्रश्न विचारण्याची मला सर्वांत भावलेली हकीकत मात्र शाळेतली नाही, बसमधली आहे. साउथ कॅरोलायनातील जॉन्स बेटावरून कृष्णवर्णीय मजूर कामासाठी चार्ल्सटनला जात. बस चालवणारे इसॉ जेन्किन्स वाटेत प्रवाशांना राज्यघटनेतील उतारे शिकवत, कारण मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर ते अधिकाऱ्यापुढे वाचून दाखवावे लागत. ॲलिस वाइन या प्रवासी बाईंनी उतारा पाठ केला, पण त्यांचे समाधान झाले नाही. त्यांना खरोखरीच वाचायला शिकायचे होते.

११/ त्यातून जानेवारी १९५७ मध्ये बेटावर प्रौढांचा रात्रवर्ग सुरू झाला. पुढे किराणा दुकान आणि मागच्या खोलीत वर्ग, म्हणजे गोऱ्यांना संशय नको. शिकवणाऱ्या बर्निस रॉबिन्सन या व्यवसायाने केशभूषाकार. त्यांच्या पाठीशी होत्या सेप्टिमा क्लार्क. एनएएसीपी या संघटनेचे सदस्यत्व सोडायला नकार दिल्याने १९५६ मध्ये त्यांची शिक्षिकेची नोकरी गेली होती. असे वर्ग पुढे दक्षिणेत ठिकठिकाणी निघाले. पाठांतरावर भागवता आले असते तरी अक्षर ओळखायचा हट्ट त्या बाईंनी धरला, यात मला ‘कशावरून?’ ऐकू येते.

१२/ धाग्याखाली एक प्रश्न ठेवतो. तेराव्या घटनादुरुस्तीने सक्तीचे दास्य बंद करताना एक अपवाद ठेवला, तो कोणता? उत्तर द्या, आणि कशावरून तेही लिहा.