वर नक्षी, आत काय?



यंदा मे महिन्याच्या सुट्टीत डहाणू-तलासरीकडच्या काही मुली आमच्याकडे पॉलिमर क्लेचे मणी शिकायला बसल्या. ज्यांना अळूवडी येते, त्यांना हे काम जड नाही.

क्ले आधी तळहातांत मळून मऊ करावी. पांढरी बोटभर जाड कांडी वळून तिच्याभोवती लाल पातळ पोळी गुंडाळावी. अशा सहा कांड्या एका पिवळ्या कांडीभोवती लावल्या की फूल झाले. मधल्या फटी काळ्या क्लेने भरून, मधून टोकांकडे दाबत सुरळी बारीक करावी. फूल लहान होते, पण मोडत नाही. थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून पात्याने पातळ चकत्या कापाव्यात. उरल्यासुरल्या क्लेच्या गोळीवर त्या चिकटवून सांधे जाईपर्यंत गोळी तळहातांत फिरवावी, टूथपिकने भोक पाडावे आणि पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला, बहुधा 110 ते 130 अंशांवर, ओव्हनमध्ये भाजावी. ही माती म्हणजे मुळात प्लास्टिकच. जळली तर धूर घातक. खिडकी उघडी हवी आणि ट्रे स्वयंपाकाचा नको.

एका मुलीने पारदर्शक क्लेमध्ये तपकिरी रेघा मिसळून 33 मण्यांची तस्बीह केली. तिची अम्मी म्हणाली, "बाजी, हुबेहूब अकीक! उर्सात अकीक म्हणूनच विकू. चौपट दाम येईल." पोरीच्या अकरावीची फी भरायची होती, हे आम्हांला ठाऊक होते. पटकन बोलवेना.

मग आम्ही खऱ्या अकीकची गोष्ट काढली. आपल्याच रेल्वेमार्गावर पुढे भरूच जिल्हा लागतो. तिथल्या रतनपूरच्या खाणींतला दगड खंबातला जातो. कारागीर तो उन्हात वाळवतात, विस्तवात तापवून लाल करतात, मग घासून, भोक पाडून मणी करतात. या धंद्याची सुरुवात हबशी संत बाबा घोर यांच्याशी जोडतात. त्यांची दर्गाह रतनपूरच्या टेकडीवर आहे. आपण खोटा अकीक विकला, तर त्या कारागिराचीही रोजी मारतो. शिवाय अकीक हाताला थंड आणि जड लागतो, क्ले हलकी. आज ना उद्या गिऱ्हाइकाला कळणारच.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. ही हदीस त्या अम्मींनाही माहीत होती. आमच्या मण्यांतही आत उरलीसुरली क्लेच असते. त्यात पाप नाही. ते लपवण्यात आहे.

अम्मी बराच वेळ गप्प होत्या. मग लेकीला म्हणाल्या, "चिठ्ठी तूच लिही." तिने लिहिले: 'क्लेची तस्बीह, हाताने केलेली.' उर्सात पाच तस्बीहा गेल्या. फी पुरी झाली नाही. उरलेली दोन हप्त्यांत भरायची ठरली आहे. ईदपर्यंत आणखी मागणी आली आहे, आणि या खेपेला मुलीने सुरळी स्वतःच रचली.